युगांडाला जरूर जा, पण लोन काढून नको

प्रश्न: वय 23, नोकरीला दीड वर्ष झालं. डिसेंबरात चार आठवडे युगांडातल्या जिंजा इथल्या एका शाळेत शिकवायला जायचं आहे. असं काम मी पहिल्यांदाच करणार आहे. पाठवणारी संस्था 1,800 डॉलर घेते, विमानभाडं वेगळं. बचत तीन पगारांइतकी आहे. ती सगळी घालून उरलेल्या रकमेसाठी पर्सनल लोन काढू का?

उत्तर: लोन नको आणि बचतही संपवू नका. जायची इच्छा मात्र सोडू नका, ती मला मनापासून आवडली.

पैशाआधी तारखा बघू. युगांडात शाळा फेब्रुवारीत सुरू होतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, मग जानेवारीअखेरपर्यंत मोठी सुट्टी. मग तुम्ही शिकवणार कोणाला? संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा. ‘सुट्टीतलं शिबिर’ असं उत्तर आलं, तर रोजचं वेळापत्रक मागा. शाळेऐवजी अनाथाश्रमात पाठवतो म्हणाले, तर सरळ नाही म्हणा. अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं घरापासून तोडली जातात, आणि दर महिन्याला जीव लावून निघून जाणारी माणसं त्यांना सोसावी लागतात. तुमचा पैसा तिथे जाऊ नये.

दुसरा प्रश्न: 1,800 पैकी शाळेच्या हातात किती पडतात? तिथल्या सरकारी प्राथमिक शिक्षकाचा पगार महिन्याला साधारण पाच लाख शिलिंग, म्हणजे दीडशे डॉलरच्याही आत. तुमच्या फीमध्ये एका शिक्षकाचं वर्ष निघतं. म्हणून राहणं, जेवण, शाळेचा वाटा आणि संस्थेचं कमिशन असा हिशेब वेगवेगळा मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो देत नसतील तर दुसरी संस्था शोधा.

आता तुमचं पाकीट. पुढच्या जूनमध्ये जा. तेव्हा दुसरं सत्र चालू असतं, मार्च ते मेचा मोठा पाऊस सरलेला असतो आणि डिसेंबरचं महागडं तिकीटही टळतं. तोवर पगार झाला की त्याच दिवशी ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि सहलीचा खर्च फक्त तिथूनच करा. तीन पगारांची बचत ही अडीनडीची शिल्लक आहे. दीड वर्षाच्या नोकरीत ती रिकामी करून वर हप्ता लावून घेतलात, तर परतल्यावर एखादा आजार किंवा नोकरीतला खंडही झेपणार नाही.

फीबाहेरचे खर्चही धरा. पर्यटक व्हिसा 50 डॉलर. पण त्यावर शिकवता येतं का, की वेगळा पास लागतो, हे संस्थेकडून लेखी घ्या. पीतज्वराची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी हवी, प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. विम्यात मात्र काटकसर नको: गंभीर रुग्णाला विमानाने नैरोबीला हलवावं लागू शकतं आणि ते बिल अख्ख्या सहलीपेक्षा मोठं होतं. पॉलिसीत हा खर्च आहे का, ते वाचून बघा. रोख डॉलर नेताना नव्या, कोऱ्या नोटा न्या. जुन्या किंवा फाटक्या नोटांना तिथे कमी भाव मिळतो, कधी घेतही नाहीत.

जूनच्या तारखा आणि पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.