वाचक विचारतात : उन्हाळ्यात कॉलेजजवळ बसायला जागा

प्रश्न : मी जळगावची, यंदा एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्ट्सला आलेय, हॉस्टेलला राहते. मार्च लागला की रूमवर पंखा फुल करूनही बसवत नाही. मैत्रिणी एसीसाठी मॉलला चल म्हणतात, पण मला झाडाखाली मोकळ्यावर बसायचंय, वाचायला नाहीतर नुसतं फिरायला. रिक्षाचा खर्च परवडत नाही. बडोद्यात असं जवळ काय आहे?

उत्तर : अगं, बडोद्यातली सगळ्यात छान जागा तुझ्या फॅकल्टीच्या शेजारीच आहे! काळा घोडा म्हणजे सयाजीराव महाराजांचा पुतळा, तिथून दोन पावलांवर कमाटीबागेचं गेट. कागदावर सयाजीबाग, पण तसं कोणी म्हणत नाही, रिक्षावाल्यालाही कमाटीबागच सांगायचं. १८७९ साली महाराजांच्या काळात झालेली ही बाग शंभर एकरांच्या वर आहे, मधून विश्वामित्री वाहते, आणि बागेत शिरायला पैसे पडत नाहीत. झाडं एवढी जुनी आणि दाट की बाहेर रस्त्यावर डांबर तापलेलं असतं तेव्हा आत सावलीत बऱ्यापैकी गार वाटतं.

पण वेळ सांभाळ. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दहा ते पाच बाहेर बसायचा हट्ट नकोच. सकाळी सहा-साडेसहाला जा, आजी-आजोबा चालत असतात, कोणी प्राणायाम करत असतं, आणि एखादा बाक धरून तासभर वाचलंस ना तर दिवसभर रूमवर होत नाही तेवढं होतं. अगदीच दुपारी सापडलीस तर बागेतल्याच म्युझियममध्ये शीर, १८९४ची इमारत, जाड भिंती, आणि आत निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा, सत्तर फुटांच्या आसपास. तिकीट लागतं, पण एकदा तरी बघच.

संध्याकाळी फुलांच्या घड्याळाशी लहान मुलांची गर्दी असते. काटे फुलांवरून फिरताना दिसतात आणि यंत्र सगळं जमिनीखाली. तिथे वाचन होणार नाही, त्यासाठी आतल्या बाजूला सरक.

कँपसमध्येही डोळे उघडे ठेव. मार्चमध्ये पळस, ज्याला इथे केसूडो म्हणतात, मग बहाव्याचे पिवळे घोस, आणि त्याच सुमाराला गुलमोहर. आर्ट्सच्या घुमटाकडे बघत झाडाखाली बसायला तर काहीच लागत नाही.

थोडं चालायची तयारी असेल तर विश्वामित्रीच्या पुलापलीकडे कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड राजघराण्याचं स्मारक. महाराजांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली तेव्हा, १९३६च्या सुमाराला उभारलं, आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, मला तर बडोद्यात एवढं शांत दुसरं काही वाटत नाही. रविवारी संध्याकाळी चौघी-पाचजणी मिळून सूरसागरला जा, तळ्यात मधोमध शंकराची उंच मूर्ती, काठाने चक्कर मारायची, आणि म्युझिक कॉलेज तिथेच असल्यामुळे कधी रियाज कानावर येतो. १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेली संस्था आहे ती. येताना सेव उसळ खायची, पण उन्हाळ्यात तिखट बेताने आणि वर थंडगार छास.

पावागढ मात्र आत्ता नको. उन्हात दगड तापतात, पायऱ्यांवर जीव जातो. पहिल्या पावसानंतर जा, मग डोंगर हिरवा असतो आणि चांपानेरच्या मशिदी बघायलाही मजा येते. सिंधरोटला महीकाठी पिकनिकला नेतील तर जा, फक्त पाण्यात उतरू नकोस, खोली कळत नाही.

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगा कॉलेजातल्या मित्रांबरोबर संध्याकाळी विश्वामित्रीच्या काठी बसतो. नदीत मगरी आहेत हे माहीत असूनही ऐकत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, तुमची काळजी बरोबर आहे, आणि नेमक्या ह्याच महिन्यांत जास्त बरोबर आहे. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला काठावर मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात, तोवर ती आसपासच राखण करत असते. काठाला बिळंही असतात, गवतामुळे वरून दिसत नाहीत. मगर जबडा वासून पडलेली दिसली की पोरांना वाटतं चिडलीय नाहीतर झोपलीय, खरं तर ती अंग थंड करत असते आणि पूर्ण जागी असते. २०२४च्या ऑगस्टच्या पुरात तर मगरी थेट वस्तीत आल्या होत्या, हे तुमच्या मुलाने पाहिलंच असेल.

त्याला नदी बघू नको म्हणू नका, कारण शहराच्या मधोमध मगरी असलेली नदी कोणाच्या नशिबी असते! फक्त पुलावरून बघ म्हणा, हवं तर दुर्बीण घेऊन द्या. काठ उतरायचा नाही, पाण्यात पाय सोडायचे नाहीत, खाण्याचं काही टाकायचं नाही, आणि अंधार पडायच्या आत तिथून हलायचं.