सावळी असली तरी…

"मॅडम, मी काळी आहे. कुणाच्या नजरेत भरतच नाही." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलींचे शब्द बदलतात, रड तीच. मुलगेही हेच सांगतात, फक्त तिसऱ्या-चौथ्या भेटीत, विषय बदलता बदलता. इतक्यांदा ऐकल्यावर वाटलं, एकीची गोष्ट लिहावी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती २६ वर्षांची. स्वतःचा फोटो उजळ केल्याशिवाय कुणाला पाठवायची नाही. पहिल्याच भेटीत मी चुकले. म्हणाले, "रंगात काय असतं? मन सुंदर हवं."

ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही मी सुंदर वाटत नाही."

बरोबर होतं तिचं. धीर द्यायच्या नादात मी तिच्यावरचा आरोपच कबूल करून बसले होते.

पुढच्या काही भेटी आम्ही तिच्याबद्दल नाही, नुसत्या रंगाबद्दल बोललो. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या त्वचेत जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कोणतं रंगद्रव्य बनवतात, हाच मुख्य फरक. युरोपात एके काळी गोरा चेहरा म्हणजे शेतात राबावं न लागणारी बाई, म्हणून तिथल्या श्रीमंत स्त्रिया शिशाचा विषारी सफेदा तोंडाला फासायच्या. पुढे काम कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरलं, ऊन ही सुट्टीची चैन झाली आणि १९२०च्या दशकात तिथेच उन्हाने रापलेली कातडी फॅशन ठरली. आज त्यासाठी लोक अतिनील दिव्यांखाली झोपतात. त्या दिव्यांनी कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००९ मध्ये स्पष्ट सांगूनही.

"म्हणजे त्यांना माझा रंग हवाय आणि मला त्यांचा?" ती हसली. पहिल्यांदाच.

मग क्लार्क दांपत्याच्या बाहुल्या निघाल्या. १९४०च्या दशकात अमेरिकेत या दोघा मानसशास्त्रज्ञांनी ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगात वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. "छान बाहुली कोणती?" बहुतेकांनी गोरी दाखवली. "तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नाला काही मुलं रडली.

"मीही गोरीच उचलली असती," ती म्हणाली. "पटतं हो सगळं. आरशासमोर गेलं की विसरते."

माहितीने डोकं बदलतं, कान बदलत नाहीत. आरशात दिसतं त्याच्या आधी आपल्याला काहीतरी ऐकू येतं, असं माझं ठाम मत आहे. (माझे काही सहकारी यावर वाद घालतात. घालोत.) म्हणून तिला गृहपाठ दिला: रूपाबद्दल ऐकलेली वाक्यं लिहून आण. फक्त कौतुकाची.

तिने ११ आणली आणि वाचायला लागली. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." "रंग दबला असला तरी हसते गोड." "काळी असली तरी चेहऱ्यावर तेज आहे." पाचव्या वाक्याला आवाज मंदावला. सातव्याला थांबली. माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून तिने कागदावर गोल काढायला सुरुवात केली. 'पण'भोवती, 'तरी'भोवती. नऊ गोल झाले.

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

"मॅडम," ती म्हणाली, "हे माझं कौतुक करत नव्हते. दर वेळी मला माफ करत होते."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. टोमणा निदान टोमणा म्हणून ओळखता येतो, त्यावर चिडता येतं. 'तरी'वालं कौतुक प्रेमाच्या माणसाकडून येतं. मूल ते हसून घेतं आणि रंग हा दोष असल्याचंही त्याच घासात गिळतं. आईवडिलांना म्हणून माझं सांगणं असतं: मुलाला दिलासा देऊ नका. रंगाचा उल्लेख करायचाच तर लांबी-उंचीसारखा करा. पुढे भरपाई जोडू नका. "उन्हात जाऊ नकोस, काळी होशील" याऐवजी "भाजशील" म्हणा. खरी काळजी तीच असते. आणि गोरं करणारी मलमं डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. काहींमध्ये पारा सापडतो, तो मूत्रपिंडांना इजा करतो. काहींमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते.

शेवटच्या भेटीला ती आईला घेऊन आली. घरात 'तरी'वर बंदी आल्याचं आईने तक्रारीच्या सुरात सांगितलं. "परवा मैत्रिणीशी बोलताना सवयीने तोंडात आलं, 'माझी लेक सावळी असली तरी…' ही समोरच उभी. मी थांबले. आणि बघा ना, पुढे काय म्हणणार होते तेच आठवेना."