शिट्टी नाही वाजली, तरी गोल?

प्रश्न : काका, मी नाशिकचा, सिडकोत राहतो. बेंगळुरू एफसीचा फुटबॉलपटू सुनील छेत्रीचा जबरा फॅन आहे, म्हणजे फोनच्या वॉलपेपरपासून ते टर्फवर घालायच्या 11 नंबरच्या जर्सीपर्यंत सगळं त्याचंच. आमच्या अंबडच्या कंपनीत एक केरळी मित्र आहे, पक्का केरळ ब्लास्टर्सवाला, तो दर चहाला छेत्रीनं ब्लास्टर्सविरुद्ध मारलेली 2023 ची ती फ्रीकिक (फाउलनंतर मिळते ती) उकरून काढतो आणि म्हणतो तुझा कॅप्टन चीटर आहे. त्यात गेल्या रविवारी गंगापूर रोडच्या टर्फवर मीपण तशीच फ्रीकिक मारली, समोरचा गोली वाकून बुटाची लेस बांधत होता, बॉल थेट जाळीत, तर माझ्याच टीममधला एकजण म्हणतो, "ना भो, हा गोल नाय धरायचा." आता तुम्हीच सांगा, छेत्री चुकला का?

उत्तर : अजिबात नाही. 3 मार्च 2023 ची, इंडियन सुपर लीगमधली बेंगळुरू-ब्लास्टर्स मॅच ना? बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, हरला तो घरी, 90 मिनिटं 0-0 आणि एक्स्ट्रा टाइम चालू. बॉक्सच्या तोंडाशी फ्रीकिक मिळाली, ब्लास्टर्सची पोरं भिंत, म्हणजे बॉलसमोर उभी राहणारी खेळाडूंची रांग, कुठं लावायची ते ठरवतायत, गोलकीपर त्यांना सांगण्यात गुंतलेला, आणि छेत्रीनं बॉल अलगद उचलून रिकाम्या जाळीत टाकला. जोर नाही, काही नाही, आपण कचऱ्याच्या डब्यात लांबून कागदाचा बोळा टाकतो तसा. ब्लास्टर्सचा कोच वुकोमानोविच इतका भडकला की टीमच मैदानाबाहेर घेऊन गेला, मॅच बेंगळुरूला मिळाली, आणि नंतर भारतीय फुटबॉल फेडरेशननं ब्लास्टर्सला 4 कोटींचा दंड लावला, कोचला 10 मॅचची बंदी.

आता नियम. फ्रीकिकला दरवेळी शिट्टी लागते हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. बॉल जागेवर स्थिर असला की लगेच मारता येतो, कारण फाउल समोरच्यानं केलाय, मग सावरायला वेळ पण त्यालाच कशाला द्यायचा? हां, मारणाऱ्यानं समोरच्यांना 9.15 मीटर मागं सारायला सांगितलं किंवा रेफरीनं कार्ड काढलं, तर मात्र शिट्टीपर्यंत थांबावं लागतं. छेत्रीनं मॅचनंतर सांगितलं होतं की मला भिंतही नको आणि शिट्टीही नको, असं तो रेफरीला आधीच बोलला होता. तुझ्या मित्राचं दुःख मला कळतं, मी ब्लास्टर्सवाला असतो तर मीपण दोन दिवस जेवलो नसतो, पण चीटर म्हणणं चूक.

आणि खरं सांगू का, मला त्या गोलात चलाखीपेक्षा त्याची सवय दिसते. 38 वर्षांचा माणूस, त्या सीझनला बऱ्याचदा बेंचवरून यायचा, पळण्यात पोरांना हरवणं शक्य नाही, मग तो बघण्यात हरवतो. उंची बघ, जेमतेम 5 फूट 7 इंच, तरी हेडरनं, म्हणजे डोक्यानं मारून, किती गोल, कारण बॉल कुठं पडणार ते समोरच्या बचावपटूच्या आधी त्याला कळतं आणि तो तिथं जाऊन उभा असतो. त्यानंतर चारच दिवसांनी सेमीफायनलच्या दोनपैकी पहिल्या मॅचला मुंबई सिटीला कॉर्नरवर हेडर मारून हरवलं, एकच गोल, तोही ह्याचाच (2015 ला हा मुंबईकडूनच खेळलेला बरं का, तेव्हा आपलाच होता). चाळिशीत 2024-25 च्या लीगमधे 14 गोल मारले ते पण असेच, आधी पोचून.

तुझा गोल मात्र मी धरत नाही! टर्फवर रेफरी नसतो रे, तिथं सगळा कारभार विश्वासावर, आणि गोली खाली वाकलेला दिसत असताना मारणं म्हणजे बघण्यात हरवणं नव्हे. तासाचे पैसे कुणी किती द्यायचे ते आधी ठरवता ना, तसंच फ्रीकिक सांगून मारायची की चालूमधे, तेपण आधीच ठरवून घ्या. बाकी तो गोली येत्या रविवारी लेसला डबल गाठ मारूनच येणार बघ.