जोनाथन एडवर्ड्स : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : एडवर्ड्स म्हणजे नरकाची भीती घालणारे उपदेशक, ही ओळख योग्य आहे का?

उत्तर : अपुरी आहे. एडवर्ड्स हे अठराव्या शतकातील अमेरिकेतील ख्रिस्ती पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि धर्मचिंतक. ८ जुलै १७४१ रोजी कनेटिकटमधील एनफिल्ड येथे त्यांनी देवाच्या क्रोधाविषयी केलेला उपदेश ऐकून लोक आक्रोश करू लागले, आणि पुढे तेवढ्या एका उपदेशावरूनच त्यांची पारख होत राहिली. मात्र १७२१ साली, बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील युगांच्या राजाचे स्तवन वाचताना, त्यांच्या मनाला भिडले ते देवाचे वैभव आणि त्याची मधुरता. त्यांचे सारे लेखन याच अनुभवाभोवती फिरते, असे मला वाटते.

प्रश्न : एडवर्ड्स मानत त्याप्रमाणे, तारण (पापापासून मुक्ती) कोणाचे होणार हे देवानेच ठरवले असेल, तर पश्चात्तापाचा उपदेश कशासाठी?

उत्तर : १७५४ च्या इच्छास्वातंत्र्यावरील ग्रंथात ते म्हणतात की, माणूस आपल्या इच्छेप्रमाणेच वागतो, त्याला देवाकडे वळता येत नाही ते कोणी हातपाय बांधले म्हणून नव्हे, तर तशी इच्छाच त्याच्या अंतःकरणात नसते म्हणून. ती इच्छा देव जागी करतो, आणि उपदेश हे त्याचे साधन आहे.

प्रश्न : इतक्या नामवंत पाळकाला त्यांच्या मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) का काढले?

उत्तर : मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टनच्या या मंडळीत त्यांच्याआधी त्यांचे आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड पाळक होते, आणि सदाचारी माणसाला, नवजन्माची (देवाने अंतःकरण पालटल्याची) साक्ष नसली तरी, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याचा विधी) घेऊ द्यावे अशी प्रथा त्यांनी रूढ केली होती. एडवर्ड्स यांनी बरीच वर्षे ती चालू ठेवली. पुढे मात्र मनापासूनच्या विश्वासाची जाहीर कबुली हवीच, असा आग्रह त्यांनी धरला. ज्या आजोबांना गाव पूज्य मानत होते, त्यांचीच प्रथा नातू मोडत होता. त्यातच, काही तरुणांच्या गैरवर्तनाची चौकशी करताना त्यांनी नावे जाहीर वाचून दाखवल्याने, घराघरांत आधीच कटुता होती. २२ जून १७५० रोजी, २३ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांना दूर करण्यात आले. तरीही दुसरा पाळक मिळेपर्यंत ते त्याच व्यासपीठावरून अधूनमधून उपदेश करत राहिले, आणि मग स्टॉकब्रिज येथे मोहिकन या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांमध्ये सेवेसाठी गेले.

प्रश्न : त्यांनी गुलाम बाळगले होते का?

उत्तर : होय. १७३१ साली न्यूपोर्ट येथे त्यांनी व्हीनस नावाची मुलगी विकत घेतली होती. काळाकडे बोट दाखवून हे झाकता येणार नाही, कारण त्यांचेच शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स आणि त्यांचे स्वतःचे पुत्र धाकटे जोनाथन एडवर्ड्स पुढे गुलामगिरीविरुद्ध उघडपणे उभे राहिले, तेही त्यांच्याच धर्मविचाराचा आधार घेऊन.