वाचकांचे प्रश्न: छाती कधी दाबायची, गाडी कधी काढायची?

प्रथमोपचाराबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक दोनच गोष्टींबद्दल होती: माणूस अचानक कोसळला तर काय करायचं, आणि साप-विंचू-मधमाशी डसली तर काय करायचं. लोकांचा गोंधळ बहुधा उलटा असतो. हृदय बंद पडलेल्याला उचलून पळवतात आणि साप चावलेल्याला घरी बसवून उपचार करतात. खरं तर पहिल्याला जागेवरच हात लावायचा असतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत हात आवरायचे असतात.

प्रश्न: आमची सोसायटी जुनी, लिफ्ट लहान, रहिवासी बहुतेक सत्तरीच्या पुढचे. कोणी कोसळलं तर आधी खाली नेऊन गाडीत घालावं की घरातच सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) सुरू करावा? (कर्वेनगर)

घरातच. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. चार जणांनी धरून तीन जिने उतरायला पाच-सात मिनिटं सहज जातात, आणि त्या वेळात मेंदूला रक्त मिळत नाही. रिक्षात किंवा कारच्या मागच्या सीटवर नीट छाती दाबताही येत नाही.

क्रम असा. दोन्ही खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर छातीकडे बघा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. श्वास चालू नसेल किंवा मधूनच आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा येत असेल तर हृदय थांबलं आहे असं समजा. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते: तो आचका म्हणजे श्वास नव्हे, पण घरचे ‘अजून श्वास आहे’ म्हणून थांबतात. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांचे ठोके लागतात. 108 लावा, फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवा आणि दाबायला लागा.

जुन्या इमारतींसाठी काही गोष्टी आधीच ठरवून ठेवा. माणूस बाथरूममध्ये पडला आणि दार आत उघडणारं असेल तर ते त्याच्या अंगावर अडतं. ज्येष्ठांच्या घरी आतली कडी न लावण्याची सवय असावी. अरुंद मोरीत दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला जागा नसते, म्हणून काखेत हात घालून आधी हॉलमध्ये ओढून घ्या. गादीवरून जमिनीवर आणा, कारण गादीवर दाबलेला जोर गादीच खाते. एका माणसाला फाटकापाशी पाठवा, दुसऱ्याला लिफ्ट तळमजल्यावर अडवून धरायला सांगा.

प्रश्न: नक्की किती जोरात दाबायचं? बरगडी मोडली तर? आणि तोंडाने श्वास द्यावाच लागतो का? (सहकारनगर)

छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची मनगटाकडची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, बोटं अडकवून वर उचललेली. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडातून नाही, कमरेपासून झुकून अंगाच्या वजनाने द्यायचा. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. नवख्यांचा दाब जवळजवळ नेहमी कमी पडतो, जास्त क्वचितच होतो.

दाबण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हृदय भरतं ते तेव्हाच. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो आणि मग रिकाम्या पंपावर जोर चालतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला, ‘अजून जमतंय मला’ हे ऐकू नका.

वेग मिनिटाला 100 ते 120. मराठीत मोजताना एक अडचण येते: वीसच्या पुढे ‘एकोणतीस’सारखे लांबलचक आकडे तोंडात आले की हात आपोआप मंदावतो. त्यापेक्षा एक ते दहा तीनदा म्हणा.

बरगडी मोडू शकते, विशेषतः वयस्कांची. कडक् असा आवाज येतो, हाताला जाणवतो. हाताची जागा बरोबर आहे ना बघा आणि चालू ठेवा. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळते. बाईमाणूस असेल तर संकोचाने हात वर गळ्याकडे किंवा खाली पोटाकडे सरकतो, तसं होऊ देऊ नका. मंगळसूत्र बाजूला करा, साडी-पदर सोडवण्यात वेळ घालवू नका.

प्रशिक्षण नसेल तर तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनेही सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याचीच पद्धत सांगितली आहे. प्रशिक्षण असेल तर 30 दाब, 2 श्वास. मात्र बुडालेला माणूस, लहान मूल आणि गुदमरलेला माणूस यांच्यात आधी प्राणवायू संपलेला असतो. तिथे श्वास देता येणं मोलाचं ठरतं.

एक खुलासा. छातीत दुखतंय पण माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय, तर त्याची छाती दाबायची नसते. त्याला टेकून बसवा, चालवू नका, 108 बोलवा. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर 300 मिलीग्रॅम चावून खायला द्या. शेजाऱ्याच्या डब्यातली सॉर्बिट्रेट (छातीदुखीवरची, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच खाली असेल तर ती आणखी पाडते. जोरजोरात खोकून झटका थोपवता येतो हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप पुढे पाठवू नका.

प्रश्न: मुळशीकडे शेतघर आहे. ब्लेड, रबरी पट्टा असलेली ‘सर्पदंश पेटी’ घ्यावी का? सापाचं इंजेक्शन घरी ठेवता येईल का? (बावधन)

दोन्ही नको. आवळून बांधल्याने विष थांबत नाही, त्या भागाचा रक्तपुरवठा मात्र तुटतो. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विष जागच्या जागी मांस कुजवतं आणि पट्टा त्यात भरच घालतो. चिरा दिल्या तर रक्त गोठेनासं झालेल्या माणसाचा रक्तस्राव आवरत नाही. गावात कोणी आधीच दोरी आवळली असेल तर वाटेत ती एकदम सोडू नका. अडलेलं विष एकाच वेळी पसरतं. ती डॉक्टरांसमोरच सुटू द्या.

करायचं एवढंच: माणसाला धीर द्या, एक पाऊलही चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज आल्यावर ती कापावी लागतात. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला किंवा वर्तमानपत्राच्या जाड गुंडाळीला सैलसर बांधा. पट्टीखाली बोट सहज जायला हवं. उलटी होत असेल तर कुशीवर ठेवा. चारचाकी नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. सापामागे धावू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

प्रतिविष शिरेतून, सलाइनमध्ये द्यावं लागतं. सुरुवातच आठ ते दहा कुप्यांची असते, आणि लहान मुलालाही तेवढाच डोस लागतो, कारण साप लहान मुलाला बेताने विष सोडत नाही. शिवाय प्रतिविषाचीच तीव्र अॅलर्जी येऊ शकते. ते रुग्णालयाचं काम. तुमचं काम म्हणजे शेतघराच्या जवळचं कोणतं सरकारी रुग्णालय रात्री प्रतिविष देतं, हे आजच विचारून तो नंबर भिंतीवर लिहिणं.

मण्यारीबद्दल सावध राहा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणून उठलं, पापण्या मिटायला लागल्या, घशाखाली घोट उतरेना, तर अपचन समजू नका. नाग आणि मण्यार श्वासाचे स्नायू लुळे करतात. वाटेत श्वास थांबला आणि नाडी लागत असेल तर तोंडाने श्वास देत राहा. व्हेंटिलेटरपर्यंत पोचलेला असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

प्रश्न: विंचू चावल्यावर दुखणं थांबलं की धोका टळला का? (भोर)

नाही. काळी इंगळी कळा आणते, पण सहसा जिवावर उठत नाही. छोटा लाल विंचू घातक. त्याच्या विषाने शरीरात अॅड्रेनालिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, लाळ, पुरुष-मुलग्यांत लिंगाला ताठरपणा, यांतलं काहीही दिसलं की निघा, मग डंख दुखत असो वा नसो. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळीने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मुलाला चावला असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका.

प्रश्न: किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं तर? सोबत सेट्रिझिन (अॅलर्जीची गोळी) ठेवतो. (धायरी)

आडवं पडू नका, हात झाडत उभं राहू नका. ओढणी-जॅकेटने तोंड झाकून लांब पळा, मात्र कड्याची बाजू सोडून. डंखाच्या वासाने बाकीच्या माश्या त्याच जागी येतात, म्हणून आधी लांब, मग काटे. काट्याला चिकटलेली पिशवी विष ढकलत राहते, तेव्हा नखाने, चिमट्याने, जमेल तसं पण लगेच काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही. तिथे शोधत बसू नका.

सेट्रिझिन खाज कमी करतं, अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उठणारी जीवघेणी अॅलर्जी, थांबवत नाही. अंगभर गांध्या, ओठ सुजणं, आवाज बसणं, धाप, चक्कर, हे काही मिनिटांत आलं तर औषध एकच: अॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मोठ्या माणसाला एक मिलीलिटरमध्ये एक मिलीग्रॅम असलेल्या कुपीतलं अर्धं मिलीलिटर. ज्याला आधी असा त्रास झालाय त्याने डॉक्टरांकडून कुपी-सिरिंज लिहून आणि वापर शिकून घ्यावा. रुग्णाला पाय वर करून झोपवा, धाप असेल तर टेकवून बसवा. एकदम उभं केलं तर रक्तदाब कोसळतो. पन्नासेक डंख असतील तर अॅलर्जी नसली तरी रुग्णालय गाठा, मूल असेल तर त्याहून कमी डंखांनाही. नंतर लघवी गडद होणं हे मूत्रपिंडाचं संकट.

प्रश्न: फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवतात, ते बरोबर का? (हडपसर)

फिट आपोआपच थांबते, श्रेय कांद्याला जातं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

प्रश्न: सीपीआर पुण्यात कुठे शिकावं? व्हिडिओ पुरतो का? (औंध)

व्हिडिओने क्रम कळतो, जोर कळत नाही. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय समजत नाही, आणि जिवंत माणसावर सराव करायचा नसतो. इंडियन रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स हे वर्ग घेतात, अनेक रुग्णालयंही घेतात. पैसे भरण्याआधी विचारा: किती जणांमागे एक पुतळा? पुरेसा दाब पडला की तो टक् असा आवाज किंवा दिवा देतो का? प्रत्येकाला सलग दोन मिनिटं दाबायला मिळतं का? तान्ह्या बाळाचा पुतळा आणि सरावाचं एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आहे का? मोठ्या सभागृहात शंभर जणांसमोर एकच पुतळा असेल तर ते व्याख्यान आहे. आणि वर्षातून निदान एकदा पुन्हा हात फिरवून घ्या. काही महिन्यांतच दाब उथळ होऊ लागतो.