बिनअक्षरी चिराही मोजा

मोजणीवाल्याची पत्रपेटी : वाचकांचे प्रश्न, निवृत्त भूकरमापकाची उत्तरं

नमस्कार काका,
आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राची गाज घरात ऐकू येते इतकं जवळ. आमच्या आगराच्या मागे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं जुनं कब्रस्तान आहे. गावात अजून त्याला 'शनवारतेल्यांचं' म्हणतात. त्यांचं शेवटचं घर मी या गावात लग्न होऊन येण्याआधीच बंद झालं. आता आत रानमोडी माजलीय, दोन-चार चिरे कुणीतरी उचलूनही नेलेत. मी आणि शाळेतल्या दोन मुली मिळून सगळ्या थडग्यांची नोंद करायची म्हणतोय. पण अक्षरं नीट लागत नाहीत. एकाने सांगितलं, तांदळाची पिठी चोळा, अक्षर उठून दिसेल. चोळू का? आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, श्रीवर्धन तालुका

ताई, पिठी मोदकांना ठेवा. दगडाच्या बारीक भोकांत गेलेलं पीठ धुऊन निघत नाही, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. खडू, तारेचा ब्रश हेही नको. आणि पाटी संगमरवरी असेल तर संडास धुवायचं अ‍ॅसिड चुकूनही नको, संगमरवर त्यात अक्षरशः विरघळतो. साधं पाणी आणि रंगाऱ्याचा मऊ ब्रश, बस. शेवाळ निघत नसेल तर राहू दे.

अक्षर वाचायचं ते उजेडाने. डोक्यावर ऊन आलं की दगड सपाट दिसतो. सकाळी सात-साडेसातला ऊन तिरपं असतं तेव्हा तोच दगड बोलायला लागतो. पाटी झाडाच्या सावलीत असेल तर घरातला आरसा घेऊन जा. एका मुलीला उन्हात उभं करा आणि कवडसा पाटीवर समोरून न टाकता कडेने, दगडाला घासून जाईल असा टाकायला सांगा. प्रत्येक खाचेत सावली भरते. कवडसा डावीकडून, उजवीकडून, वरून असा फिरवत चार फोटो काढा. एकात न दिसलेला काना दुसऱ्यात सापडतो.

सुरुवात मात्र दगडापासून करू नका. आधी विचारायचं कुणाला ते बघा. जागा कुणाची तरी आहे, आणि झोपलेली माणसंही कुणाची तरी आहेत. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात जाऊन रीतसर सांगा, शक्य तर चिठ्ठी घ्या. शनिवारी जाऊ नका, तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून तर ते शनवारतेली. थडग्यावर छोटे खडे ठेवलेले दिसले तर कचरा समजून झाडू नका. भेटीला आलेल्याने ते मुद्दाम ठेवलेले असतात.

मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे. दगड अजून पन्नास वर्षं थांबेल, ती थांबणार नाहीत. कोपऱ्यातलं थडगं कुणाचं, पोरांचा भाग कुठला, मयत कुठल्या पाखाडीने आणायचे, सगळं लिहून घ्या, आणि सांगितलं कुणी तेही.

आता मोजणी. इथे माझा हात चालतो, तेव्हा थोडं लांबेल. तीस मीटरचा टेप घ्या. गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक पक्का कोपरा आणि विहिरीचा कठडा, अशा दोन न हलणाऱ्या खुणांमध्ये दोरी ताणा. आंब्याला बांधू नका, वादळात आंबे जातात. दोरीवर कुठे आणि दोरीपासून काटकोनात किती, असे प्रत्येक थडग्याचे दोन आकडे. काटकोनासाठी तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण पुरे, शाळेतल्या मुलींना तो पाठ असेल. प्रत्येक थडग्याला क्रमांक द्यायचा तो वहीत आणि नकाशावर. दगडावर रंगाने लिहाल तर मी स्वतः येऊन भांडेन.

आमच्या वेळी साखळी होती, ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. तुम्हीही सगळ्या जागेचं क्षेत्रफळ काढा आणि सातबाऱ्याशी ताडून बघा. उताऱ्यावर पाच गुंठे आणि जागेवर साडेतीन भरले, तर शेजाऱ्याकडे बघून घ्या. आमच्या खात्यात म्हणायचे, कोकणात गडग्याला रात्री पाय फुटतात.

आणि ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते आता सांगतो. जांभ्याचे नुसते ढीग, चार चिऱ्यांच्या चौकटी, डोक्याशी रोवलेला एखादा बिनअक्षरी दगड, या सगळ्यांना क्रमांक द्या. नोकरीत असताना हौसेने मी एका गावच्या कब्रस्तानाचा नकाशा केला होता. अक्षरं असलेले ४१ दगड झकास टिपले. पूर्वेच्या कोपऱ्यातले ढीग सोडून दिले, त्यात काय लिहायचं म्हणून. पुढे रस्ता रुंद झाला, जेसीबीने नेमका तो कोपरा खरवडला. हरकत घ्यायला लोकांनी माझाच नकाशा दाखवला, आणि समोरच्याने त्यावरच बोट ठेवलं : इथे तर काहीच नाही! मुंबईहून आलेली एक आजी शांतपणे म्हणाली, "माझे दोन भाऊ होते तिथे. लहानपणीच गेलेले." त्यानंतर मी कुठल्याही नकाशात जागा कोरी सोडलेली नाही.

शिवाय या समाजाची सगळ्यात जुनी थडगी तर बिनअक्षरीच. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. नवगावला दाखवतात ते मातीचे उंचवटे, त्यावर नाव ना गाव.

वाचताना एक सापळा सांभाळा. हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात, कारण प्रत्येक अक्षराला किंमत असते. ताव ४००, रेश २००, पे ८०, म्हणजे ६८०. हजाराचा पाचाचा आकडा बहुतेकदा गाळलेला असतो, म्हणजे साल खरं ५६८०. ६८० मध्ये १२४० मिळवा, १९२० आलं. त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक वर्ष कमी धरा. आता सापळा असा की 'हे' म्हणजे ५ आणि 'खेत' म्हणजे ८, दोन्ही दिसायला कमानीच. 'हे'चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेपासून जरासा सुटलेला असतो, 'खेत'चा जुळलेला. त्या फटीत शेवाळ बसलं की पाचाचे आठ होतात. मी एका बाईंना असं तीन वर्षं जास्त जगवलंय. पाटीवर खाली मराठीत इंग्रजी तारीख असेल तर तिच्याशी ताळा करा. तुटलेलं अक्षर मनाने भरू नका. तिथे टिंबं द्या आणि अंदाज वेगळ्या रकान्यात लिहा.

कागदांत शोधाल तेव्हा नावं बदललेली मिळतील. मुंबईत १७९६ साली यांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर रोजच्या व्यवहारात समाजी हसाजी होते. तेव्हा दगडावरचा एझिकेल दप्तरात हसाजी म्हणून शोधा. आडनाव गावावरून : दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. जुनी मंडळी सिनेगॉगलाही 'मशीद' म्हणत, त्यामुळे उताऱ्यावरचा तो शब्द बघून फसू नका. तहसिलीत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागून बघा. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. पानं मोडीत निघतील, वाचणारा सोबत न्या. तुमचा तालुका १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, म्हणून १८८३ चं कुलाबा-जंजिरा गॅझेटियरही चाळा.

बाकी किरकोळ. दिवाळीनंतर गवत वाळलं की जा. रानमोडी कोयतीने कापा, सांध्यात घुसलेलं मूळ ओढू नका, चिरा सोबत येतो. चिऱ्याखाली हात घालायचा नाही, फुरसं, म्हणजे विषारी साप, बसलेलं असतं. मुलींना पायात बूट हवेत. आणि जागेचा नेमका पत्ता फोटोसकट मोबाईलवर सगळीकडे फिरवू नका. चिरे नेणारेही मोबाईल वापरतात.

•

काका, मंडणगडकडच्या आमच्या गावच्या कब्रस्तानात पणजोबांचा दगड आहे. ते जहाजावर सारंग होते. मौलवी साहेबांनी 'रमजान १३१८' असं वाचून दिलं. इंग्रजी साल कुठलं धरायचं? घरात १९०० की १९०१ यावरून दोन तट पडलेत.
– एक वाचक, मंडणगड तालुका

दोन्ही तट बरोबर असू शकतात. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून ठरावीक आकडा मिळवून भागत नाही. १३१८ चा मोहरम १९०० च्या मेच्या सुरुवातीला लागला, म्हणजे रमजान त्या डिसेंबरच्या तेवीस तारखेच्या आसपास. पहिले आठ-नऊ रोजे १९०० मध्ये, उरलेले १९०१ मध्ये. चंद्र दिसण्यावर एखादा दिवस इकडेतिकडे होतो. तेव्हा महिन्याच्या आधी तारखेचा आकडा आहे का ते मौलवी साहेबांना परत बघायला सांगा, आणि जाताना वर सांगितलेला आरसा घेऊन जा. दगडाचा खालचा भाग मातीत गेला असेल तर उकरू मात्र नका. आधी जमातीच्या लोकांना विचारा.