‘थैलीशहा’ म्हणजे नुसता श्रीमंत नव्हे

‘थैलीशहा’ हा शब्द कोणत्याही श्रीमंतासाठी वापरता येतो का, आणि त्यातील ‘शहा’ हे आडनाव आहे का, असे सदाशिव पेठेतील एका वाचकाने विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. कोथरूडमध्ये चार सदनिका बाळगणाऱ्या गृहस्थालाही हल्ली बातम्यांतून थैलीशहा म्हटले जाते, ते ऐकवत नाही. अशा माणसाला धनाढ्य म्हणावे, गडगंज म्हणावे; ज्याच्या पैशावर सत्ता हलते, तोच थैलीशहा.

यातील ‘शहा’ बादशहातला, म्हणजे फारसी आहे. आडनावाची कुळकथा अगदी निराळी आणि फार गोड आहे: संस्कृत ‘साधु’चे प्राकृतात ‘साहु’ झाले, आणि त्यातूनच ‘साह’, चोराच्या उलट असलेला आपला ‘साव’ व चक्क ‘सावकार’ही निघाला. माझे मत असे की, ‘थैलीशहा’ कानाला झोंबतो तो हे दोन्ही शहा त्यात एकदम ऐकू येतात म्हणून. या शब्दाला ‘बाजारी’ ठरवून ‘धनिकतंत्र’ सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांना पुण्याच्या इतिहासाचाच विसर पडलेला दिसतो. सावकारांच्या पाया पडून कपाळाची कातडी झिजली, अशा आशयाचे पत्र पहिल्या बाजीरावाने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिले होते, आणि स्वामी स्वतःच त्याचे एक धनको होते! मुलूख जिंकणाऱ्या पेशव्याची ही अवस्था ‘धनिकतंत्र’ या पुस्तकी शब्दात मावत नाही.

थैली मात्र मुळात बदनाम नव्हे. 1916 साली लोकमान्य टिळकांना साठीनिमित्त पुण्यात एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली. ती लोकांनी उघडपणे जमवलेली होती आणि टिळकांनी ती राष्ट्रकार्याला दिली. राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांची थैली याच्या नेमकी उलट होती. 2017 मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणगीवरील, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवण्यात आली आणि 2018 पासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून मिळू लागले. देणगीदार बँकेला ठाऊक असे, मतदाराला नसे. याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना रद्द केली. त्या काळात ‘थैलीशहांचा पक्षाला पाठिंबा’ असे छापणाऱ्यांनी शब्द अचूक वापरला होता. त्यांना फक्त नावे छापता येत नव्हती.